पुणे ते पणजी: वाटेवरचे लक्षात राहणारे जेवण कसे गाठावे

परगावी जाऊन आलेला माणूस तिथल्या जेवणाविषयी नाराज असेल, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत: त्या दिवशी वार कोणता होता, आणि तो जेवायला किती वाजता बसला. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. मालवणात जूनच्या अखेरीस ताज्या सुरमईची अपेक्षा धरलेली असते, कोल्हापुरात दुपारी चार वाजता मिसळ शोधलेली असते, किंवा पणजीत रविवारी सकाळी जुन्या उपाहारगृहाचे बंद दार पाहून शेवटी पंजाबी, चिनी आणि दाक्षिणात्य असे सगळे काही देणाऱ्या हॉटेलात बसावे लागलेले असते. नामांकित ठिकाणांच्या याद्या आता प्रत्येकाच्या फोनवर असतात. परंतु कोणता पदार्थ कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मनापासून रांधला जातो, हे त्या याद्या फारसे सांगत नाहीत, आणि प्रवासात लक्षात राहणारे जेवण मुख्यतः त्यावरच अवलंबून असते.

हे मार्गदर्शन पुणे, सातारा, कोल्हापूर, मालवण, सावंतवाडी आणि पणजी या वाटेने प्रथमच निघणाऱ्या, आणि जेवण हाही प्रवासाचा एक हेतू मानणाऱ्या वाचकांसाठी आहे. साधारण आठवडाभराची सवड आणि स्वतःची किंवा भाड्याची गाडी गृहीत धरली आहे. एसटीने जाणाऱ्यांनाही यातले बहुतेक सर्व लागू पडेल, फक्त वेळेची थोडी अधिक मोकळीक ठेवावी लागेल.

पहिली पायरी: महिना पाहून पदार्थ ठरवा

तारीख आधी ठरवून मग त्या तारखेला काय मिळते ते शोधावे, की पदार्थ आधी ठरवून त्याप्रमाणे तारीख निवडावी, हा ज्याच्या त्याच्या रजेचा प्रश्न आहे. पण दोहोंपैकी एक गोष्ट निघण्यापूर्वी व्हायलाच हवी. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत मालवणच्या किंवा गोव्याच्या हॉटेलात पापलेट आणि सुरमई ताटात येतच नाहीत असे नाही, मात्र ती बहुधा शीतगृहातली असते. या काळात जाणाऱ्याने खाडीतले मासे, कुर्ल्या, सुके बांगडे, सोडे आणि सुकट यांच्याकडे वळावे. पावसाळ्यात कोकणातले घर जे खाते तेच खावे, एवढे धोरण ठेवले की जूनमधला प्रवासही वाया जात नाही. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी यांच्यासारख्या रानभाज्या याच दिवसांत मिळतात, आणि त्या हॉटेलच्या मेनूकार्डावर सहसा नसतात, घरगुती मुक्कामात मागाव्या लागतात.

१ ऑगस्टनंतर नौका पुन्हा बाहेर पडू लागतात, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत समुद्राची पूजा होते, आणि मासळीचा खरा हंगाम सुरू होतो. त्याच वेळी श्रावण चालू असतो, म्हणजे देशावर घरोघर सामिष बंद असते, आणि किनाऱ्यावर मासे आलेले असूनही ते खाणारी बरीच स्थानिक माणसे थांबलेली असतात. श्रावणानंतर लगेच गणेश चतुर्थी येते. कोकणात आणि गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत अनेक खानावळी बंद राहतात, कारण मालक, आचारी आणि वाढपी सगळेच आपापल्या घरच्या गणपतीला गेलेले असतात. मुंबईहून चाकरमानी येतात, गाड्यांची आरक्षणे भरून जातात, आणि ज्याचे त्या गावात घर नाही त्याचे जेवणाचे हाल होतात. म्हणून केवळ जेवणासाठी जायचे असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत निर्धोक आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत गेल्यास उन्हाचा त्रास सोसावा लागेल, पण ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी मिळेल. माझ्या मते काजूगरांच्या उसळीसाठी तेवढा घाम गाळण्यास हरकत नाही.

दुसरी पायरी: वार मांडून मुक्काम ठरवा

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळले जातात, काही घरांत मंगळवारही. त्यामुळे मटणाच्या दुकानापुढे रांग दिसते ती प्रामुख्याने रविवारी आणि बुधवारी. खानावळ सातही दिवस मटण देत असली, तरी ज्या दिवशी गावाला मटण हवे असते त्या दिवशी ते ताजे कापलेले, मोठ्या भांड्यात शिजलेले आणि दुपारपर्यंत संपणारे असते. सोमवारी त्याच खानावळीत गिऱ्हाईक निम्मे असते, आणि काही खानावळी तर साप्ताहिक सुट्टी सोमवारीच घेतात. गोव्यातल्या अनेक हिंदू घरांतही सोमवारी मासे शिजत नाहीत.

हे ध्यानात घेऊन शनिवारी पुण्याहून निघावे, शनिवार-रविवार कोल्हापुरात राहावे, सोमवारी घाट उतरून मालवण गाठावे, मंगळवार आणि बुधवार मालवणात काढावे, गुरुवारी सावंतवाडीत जेवून गोव्यात शिरावे, शुक्रवारी म्हापशाचा बाजार पाहावा आणि शनिवार पणजीला द्यावा, अशी मांडणी मी सुचवेन. यात रविवारचे मटण कोल्हापुरात पडते, सोमवारचा निरुत्साही दिवस प्रवासात जातो, आणि म्हापशाचा आठवडी बाजार, जो शुक्रवारीच भरतो, तो चुकत नाही. वारांची ही मांडणी एकदा नीट बसली की पुढचे निर्णय सोपे होतात.

तिसरी पायरी: कोणाला विचारायचे आणि काय विचारायचे

«इथे चांगले जेवण कुठे मिळते?» हा प्रश्न विचारू नये. प्रश्न विचारणारा बाहेरगावचा आहे, गाडीतून आला आहे, हे उत्तर देणाऱ्याला दिसत असते, आणि तो सौजन्याने गावातल्या सर्वांत महागड्या, वातानुकूलित हॉटेलाचे नाव सांगतो. त्याऐवजी «तुम्ही घरच्यांना घेऊन बाहेर जेवायला जाता तेव्हा कुठे जाता?» असे विचारावे. किनाऱ्यावर असाल तर «आज कोणता मासा आला आहे?» एवढाच प्रश्न पुरतो, त्याचे उत्तर देताना माणूस आपण होऊन तो मासा चांगला कुठे करतात हेही सांगतो.

विचारण्यासाठी उत्तम माणसे म्हणजे ज्यांना रोज दुपारी घराबाहेर जेवावे लागते ती. तालुक्याच्या गावी कोर्टातले कारकून आणि वकील, बँकेचे शिपाई, औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी आणि ट्रकचालक यांना आसपासची प्रत्येक खानावळ ठाऊक असते. एसटीचे चालक-वाहकही चांगले वाटाडे असतात, मात्र एक फरक करावा लागतो: गाडी ज्या थांब्यावर जेवणासाठी उभी राहते तो थांबा ठरलेला असतो, त्यात चालकाच्या आवडीला वाव नसतो. त्याला ड्यूटी संपल्यावर तो कुठे जेवतो ते विचारावे.

फोनवरचे तारांकन पूर्ण टाकाऊ नाही, पण त्यातले आकडे पाहण्यापेक्षा छायाचित्रे पाहावीत. लोकांनी टाकलेल्या ताटांच्या छायाचित्रांत एकाच प्रकारचे ताट पुनःपुन्हा दिसत असेल, तर तिथे एकच गोष्ट रोज रांधली जाते असे समजावे, आणि ते शुभलक्षण आहे. छायाचित्रांत नूडल्स, पिझ्झा आणि तांबडा रस्सा एकत्र दिसले, तर पुढे जावे. जायचे ठरल्यावर एक फोन अवश्य करावा, आणि आज चालू आहे का, जेवण किती वाजता सुरू होते आणि किती वाजेपर्यंत मिळते, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. दुपारचे जेवण साधारणपणे बारा ते तीन आणि रात्रीचे साडेसात ते साडेदहा या वेळांत मिळते; परंतु ठरावीक माप शिजवणाऱ्या खानावळीत दोन वाजताच «संपले» असे ऐकावे लागते.

पुणे ते कोल्हापूर: रस्त्यावर पोट भरू नका

हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. वाटेत साताऱ्याचे कंदी पेढे घेता येतील. कराड आणि ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) पट्ट्यात ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो. लाल तवंगाची, लसणाचा ठसका असलेली ही आमटी तंदुरी रोटीबरोबर खातात, आणि शाकाहारी माणसासाठी या महामार्गावरचे तेच सर्वांत चांगले जेवण आहे. ज्यांना कोल्हापुरात सामिष खायचे नाही, त्यांनी तर इथेच व्यवस्थित बसून जेवावे. इतरांनी चहा घेऊन पुढे निघावे, कारण शनिवारची संध्याकाळ रिकाम्या पोटी कोल्हापुरात पोहोचण्याच्या लायकीची असते.

कोल्हापूर: दीड दिवसाचे नियोजन

पहिल्या संध्याकाळी जड जेवण टाळावे. खासबाग मैदानाजवळ भेळ खावी. राजाभाऊंची भेळ तिथे प्रसिद्ध आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले ते कुस्तीचे मैदान पाहावे, आणि मग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावे. तिथे म्हशी समोर उभ्या असतात आणि धार काढून फेसाळ दूध लगेच पेल्यात दिले जाते. तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लांच्या या गावात दूध हा नाश्त्यासोबतचा पदार्थ नसून स्वतंत्र खाणे आहे. हे दूध न तापवलेले असते, तेव्हा लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि नाजूक पोटाची माणसे यांनी ते पिऊ नये, केवळ पाहावे.

रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी मटण, असा दुहेरी बेत बरेच जण आखतात आणि दोन्हींची चव घालवतात. रविवारचा नाश्ता पोह्यांवर किंवा दावणगिरी लोणी डोशावर भागवावा, दुपारी मटण खावे, आणि मिसळ सोमवारी सकाळी निघण्यापूर्वी खावी. मिसळीच्या दुकानाची सुट्टी सोमवारी नाही ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे. फडतरे, चोरगे आणि बावडा ही नावे गावात कोणीही सांगेल. त्यांतले श्रेष्ठ कोणते यावर कोल्हापूरकरांचे एकमत होण्याची शक्यता नाही, आणि पाहुण्याने त्या वादात पडू नये. इथली मिसळ पुण्या-मुंबईच्या माणसाला वेगळी वाटते ती दोन गोष्टींमुळे: सोबत पावाऐवजी बहुधा ब्रेडचे स्लाइस येतात, आणि वरून ओतला जाणारा कट पुन्हा पुन्हा मागता येतो. पहिल्यांदा कट कमीच घ्यावा. तो दिसतो त्यापेक्षा तिखट असतो, शिवाय उसळीची मूळ चव कळायला दोन घास कोरडे खाणे बरे.

दुपारच्या मटणाला बाराच्या ठोक्याला पोहोचावे. रविवारी एकनंतर रांग लागते, वाढपी घाईत असतात, आणि रस्सा पाणी घालून पुन्हा पुन्हा वाढवला जातो. मटण थाळी मागितली की ताटात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ज्वारीची भाकरी किंवा चपाती, भात, कांदा, लिंबू आणि दह्यातली कोशिंबीर येते. काही ठिकाणी खिमा किंवा उकडलेले अंडेही असते. मटणाचे तुकडे मोजून मिळतात. रस्से मात्र बहुतेक खानावळींत हवे तेवढे वाढतात. नवख्याने वाढप्याला सुरुवातीलाच «यात परत काय मिळते?» असे मोकळेपणाने विचारावे, त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू असे वाटण घालून करतात. तो गरम असतानाच वाटीने प्यावा, कारण थंड झाला की त्याला साय धरते आणि चव उतरते. मग भाकरी तांबड्या रश्श्यात कुस्करून सुक्या मटणाबरोबर खावी. भात सर्वांत शेवटी घ्यावा, आणि त्यावर दोन्ही रस्से थोडे थोडे घेऊन पाहावे. तांबड्याचा रंग पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यातला बराचसा रंग ब्याडगीसारख्या मिरचीचा असतो, आणि खरी झोंबणारी चव कांदा-लसूण मसाल्यातून येते. खानावळीचा तांबडा रस्सा नुसताच तिखटजाळ लागत असेल, त्यात मटणाचे सत्त्व जाणवत नसेल, तर ती खानावळ चांगली नाही, मग तिचे नाव कितीही मोठे असो. ज्यांना पोटाची काळजी आहे त्यांनी ताक मागवावे. पाणी पिऊन तिखट कमी होत नाही. शेंगदाणे, तीळ किंवा काजूची ॲलर्जी असणाऱ्याने मात्र जेवण सुरू करण्यापूर्वीच सांगावे, कारण इथल्या वाटणांत यांपैकी काही ना काही असतेच.

गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवले जाण्याची तयारी ठेवावी. या गावात कोणी कोणाबरोबर बसून खावे हा प्रश्न कधीकाळी साधा नव्हता. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले होते आणि स्वतः तिथे जाऊन सर्वांच्या देखत चहा घेतला होता. आज टेबलावर समोर बसलेला अनोळखी माणूस तुम्हाला रश्श्याची वाटी पुढे करून «घ्या पावणं» म्हणेल, आणि गावातली उरलेली सर्व माहिती त्याच्याकडूनच मिळेल.

घाट उतरताना

सोमवारी मिसळ खाऊन गगनबावड्याच्या किंवा राधानगरीमार्गे फोंडाघाटाच्या रस्त्याने कोकणात उतरावे. पावसाळ्यात कोणता घाट चालू आहे ते आधी पाहून घ्यावे. वाटेत खाण्यासाठी थांबण्याची गरज नाही. घाटात मोबाइलला रेंज नसते आणि खाली उतरल्यावरही छोट्या टपऱ्यांवर ऑनलाइन पैसे जातीलच असे नाही, म्हणून रोख रक्कम कोल्हापुरातच काढून घ्यावी.

मालवण: आदल्या दिवशी सांगा, दुसऱ्या दिवशी जेवा

मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या परिसरात हॉटेलांपेक्षा घरगुती मुक्काम अधिक, आणि जेवणही तिथलेच अधिक चांगले. या घरांत स्वयंपाक सांगितल्याप्रमाणे होतो. सकाळच्या बाजाराला जाण्यापूर्वी घरमालकिणीला माणसे किती आणि काय हवे हे कळले पाहिजे. नवखा प्रवासी दुपारी एक वाजता दारात उभा राहतो, मेनूकार्ड मागतो आणि जे उरले आहे ते खाऊन जातो. त्यामुळे मुक्काम ठरवताना फोनवरच पहिल्या दिवसाचे जेवण सांगावे, आणि रोज रात्री जेवून उठताना दुसऱ्या दिवसाचे बोलून ठेवावे. गावठी कोंबडी शिजायला वेळ लागतो, उकडीच्या मोदकांना तयारी लागते. हे दोन्ही पदार्थ आयत्या वेळी मागितले तर नकार मिळेल, आणि होकार मिळाला तर अधिक काळजी करावी.

पहिला दिवस सोमवारचा असल्याने तो शाकाहारी ठेवावा, आणि त्यात तडजोड मानू नये. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी हे मालवणी जेवण कोणत्याही माशाच्या थाळीच्या बरोबरीला बसते. गोडात गुळाच्या आणि नारळाच्या रसात बुडवलेले शिरवाळे किंवा खापरोळी मिळाली तर सोडू नये. मासे न खाणाऱ्यांनी तर मुक्कामभर यांतूनच निवड करावी. पनीर मागवण्यासाठी घाट उतरण्याची आवश्यकता नाही.

मंगळवारी लवकर उठून किनाऱ्यावर जावे. रापण ओढण्याचा योग आला तर पाहावा: किनाऱ्यावरून समुद्रात लांब वेढा घालून टाकलेले जाळे दोन्ही टोकांना उभी असलेली माणसे हळूहळू ओढून घेतात, आणि त्यात तारली, पेडवे, बांगडे अशी किनाऱ्यालगतची मासळी येते. होड्या परत येण्याच्या वेळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो. तिथे आपण खरेदी करायची नसते, पण आज कोणता मासा भरपूर आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि दुपारी ताटात काय मागवायचे याचा निर्णय तिथेच होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणारी होडी सकाळी घ्यावी, म्हणजे एक वाजेपर्यंत परत येऊन भुकेल्या पोटी जेवायला बसता येते. पावसाळ्यात या होड्या बंद असतात.

थाळी माशाच्या नावाने मागवली जाते: सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी. नावातला मासा तळून येतो, सोबत माशाची आमटी, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) किंवा जवळ्याचे (अगदी बारीक कोळंबीचे) सुके, चपाती, वडे किंवा तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी असते. बाहेरगावचा माणूस सवयीने सुरमई मागवतो. मी बांगडा मागवावा असे सांगेन. तो स्वस्त आहे म्हणून तर खराच, पण मुख्य म्हणजे तो रोज येतो आणि रोज संपतो, त्यामुळे शिळा मिळण्याचा संभव कमी असतो. आणि तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले ज्याने खाल्ले नाही त्याने मालवणी जेवण अर्धेच खाल्ले. तिरफळाचा दाणा चावायचा नसतो, तो बाजूला काढून ठेवतात. तळलेल्या माशावरचा रवा कुरकुरीत लागतो खरा, परंतु त्याखाली माशाची चव दबते. नुसता मसाला लावून तव्यावर भाजलेला तुकडा मिळत असल्यास तो घ्यावा. पापलेट, मोठी कोळंबी किंवा शेवंड (लॉब्स्टर) यांचे भाव आकारमानाप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतात. मेनूकार्डावर भाव लिहिलेला नसेल, तर मासा पाहून आणि भाव ऐकूनच होकार द्यावा. कच्चा मासा दाखवायला सांगणे इथे अपमानास्पद मानले जात नाही. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे, एवढे पाहिले की पुरे. सोलकढी जेवणाच्या आरंभी गटागटा पिऊन टाकू नये, ती शेवटच्या भातावर घ्यावी आणि उरलेली प्यावी.

बुधवारी कोंबडी-वडे. वडे तेलातून काढून ताटात येईपर्यंत फुगलेले असले पाहिजेत. आधीच तळून ढीग रचून ठेवलेला दिसला तर साधी भाकरी मागावी.

सावंतवाडी

गुरुवारी गोव्याकडे जाताना दुपारचे जेवण सावंतवाडीत घ्यावे. भालेकरांची खानावळ गावात कोणीही दाखवेल. जेवणाआधी मोती तलावाची फेरी आणि लाकडी खेळण्यांची खरेदी आटोपावी, कारण नंतर ते करण्याची इच्छा राहत नाही.

गोवा: समुद्रकिनारा सोडून जेवा

गोव्यात जेवणाची सर्वांत मोठी चूक किनाऱ्यावर होते. वाळूवर मांडलेल्या टेबलांवर जे मिळते ते जगातल्या कोणत्याही किनाऱ्यावर मिळते. दुपारी साडेबाराच्या सुमारास पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या जुन्या बाजारपेठेत शिरावे आणि कचेऱ्यांतली माणसे ज्या खानावळीत जातात तिथे बसावे. पणजीतले आनंदाश्रम हे त्या प्रकारचे जुने आणि ओळखीचे नाव आहे. साध्या शितकडीच्या, म्हणजे भात-आमटीच्या, ताटात भात, हुमण (माशाची नारळातली आमटी), तळलेला मासा, एखादी भाजी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि सोलकढी असते. फळ्यावर लिहिलेली नावे कोंकणीत असू शकतात: विसवण म्हणजे सुरमई, सुंगटां म्हणजे कोळंबी, तिसऱ्यो म्हणजे तिसऱ्या. मराठीत विचारले तर कोणी अडवत नाही.

नाश्ता हा गोव्यातला उपेक्षित ठेवा आहे. हॉटेलच्या खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलेला असला तरी एक दिवस तो सोडून सकाळी कॅफे तातो किंवा कॅफे भोसले यांसारख्या ठिकाणी भाजी-पाव खावा. पातळ भाजी, सुकी बटाट्याची भाजी किंवा दोन्हींचे मिश्रण असे पर्याय असतात, आणि सोबत बन्स किंवा मिरची भजी घेता येते. पणजीतल्या जुन्या भागात रविवारी पुष्कळ दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात, म्हणून हा कार्यक्रम शनिवारी सकाळीच करावा. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत पोई आणि उंडे हे पाव घेऊन फिरतो. त्याच सुमारास गाड्यांवर रस-ऑम्लेट सुरू होते, म्हणजे ऑम्लेटवर शाकुतीसारखा गरम रस्सा ओतून, कांदा पेरून, पावासोबत. रात्रीच्या जेवणाऐवजी तेवढे पुरते.

ख्रिस्ती स्वयंपाकातले सोरपोतेल, विंदालू, काफ्रियल, आंबट-तिक हे पदार्थ चाखायचे असतील तर रात्रीचे एक जेवण त्यासाठी राखावे, आणि डुकराचे किंवा गोमांसाचे पदार्थ न खाणाऱ्यांनी मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. व्हिनेगरमध्ये मुरवलेले सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, तेव्हा «आजच केले आहे का?» हा प्रश्न इथे उलटा ठरतो.

बिलाविषयी थोडे

मोठ्या हॉटेलांत बिलावर सेवाशुल्क लावलेले असेल तर ते सक्तीचे नाही, ते काढून टाकण्यास सांगता येते. वस्तू व सेवा कर ही त्याहून वेगळी बाब आहे आणि तो द्यावाच लागतो. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर किंवा बिलावर असतो. घरगुती मुक्कामात जेवणाचे पैसे खोलीच्या भाड्यात धरले आहेत की वेगळे, आणि जास्तीच्या तळलेल्या तुकड्याचे काय, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, म्हणजे निघताना अवघडलेपणा राहत नाही. जेवण आवडले असेल तर आचाऱ्याला भेटून सांगावे. कोकणात मालकीणच बहुधा स्वयंपाकघरात असते, आणि उद्याच्या जेवणावर त्याचा परिणाम होतो.

सोबत काय आणावे

कोल्हापुरातून कांदा-लसूण मसाला घ्यावा, तो डंकावर कुटलेला आणि थोडाच. वर्षभराचा साठा घरी नेऊन त्याचा वास उडू देण्यात अर्थ नाही. मालवणातून मालवणी मसाला, सुके बांगडे आणि तिरफळ आणावेत; सुकी मासळी तीन-चार पिशव्यांत बांधून गाडीच्या डिकीत ठेवावी, एसटीने किंवा रेल्वेने जाणाऱ्यांनी मात्र सहप्रवाशांचा विचार करून हा मोह आवरावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गोव्याची चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) आणि मोयरा गावची मोठी केळी मिळतात. कोकमाचे आगळ सिंधुदुर्गात कुठेही मिळते. ते घेताना बाटलीवरचा मजकूर वाचावा, कारण साखर घातलेले कोकम सरबत त्याच फळीवर ठेवलेले असते आणि त्याची सोलकढी होत नाही. आगळात मीठ आधीच असते, म्हणून घरी सोलकढी करताना नारळाच्या दुधात आगळ घालून चव पाहावी आणि मगच वरून मीठ टाकावे.